जुळ्यांना अंगावर पाजायचं, तर तयारी कशाची?

सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठोके दिसले की घरात आधी पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न येतो, "दोघांना पुरेल का गं दूध?" माझ्या भाचीला हा प्रश्न सातव्या महिन्यापर्यंत सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, कोपऱ्यावरच्या भाजीवालीनेही विचारला. भाची नाशिकची, हिशोबी डोक्याची. तिने उत्तर म्हणून मोबाइलवर खरेदीची यादी केली. आठ बाटल्या, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, दूध कोमट करायचं यंत्र, नालेच्या आकाराची मोठी उशी, पंप, दूध वाढवणारी पावडर आणि वेळ पडली तर म्हणून बाळांच्या पावडरचे दोन डबे. "मावशी, यातलं काय काय घेऊ?"

मी स्वतः जुळ्यांची आई नाही. पण बाळंतपणाच्या आधी बरंच वाचलं, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांचं डोकं खाल्लं आणि नंतर दोन महिने तिच्याकडे मुक्काम ठोकला. त्या यादीतलं शेवटी काय उरलं, आणि का, ते इथे सांगते.

हा प्रश्न आता एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही. जगात दरवर्षी जुळ्यांच्या सुमारे १६ लाख जोड्या जन्मतात. १९८० च्या दशकाशी तुलना केली तर जुळ्यांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढलं आहे. आयव्हीएफसारखे उपचार आणि उशिरा होणारी बाळंतपणं ही त्याची मोठी कारणं. तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, दवाखान्याच्या भिंतीवर जे चित्र लागतं त्यात आईच्या मांडीवर बाळ एकच असतं.

टाकी की विहीर?

"पुरेल का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची टाकी असते. टाकी तेवढीच आणि इमारतीत एक बिऱ्हाड वाढलं, तर पाणी कमी पडणारच. छातीचं तसं नसतं. तिचं गणित विहिरीचं. गावाकडे विहीर पाहिलेल्यांना माहीत असतं, रोजचा उपसा असेल तर झरे मोकळे राहतात आणि सकाळपर्यंत पाणी पुन्हा वर येतं. उपसा थांबला की झरे बुजत जातात.

शरीरात घडतं ते असं. बाळंतपणात वार पडली की गर्भारपण टिकवून धरणारी संप्रेरकं झपाट्याने उतरतात. (संप्रेरक म्हणजे एका अवयवाने रक्तातून दुसऱ्याला धाडलेला निरोप.) ती उतरली की प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि ते दूध तयार करायला लावतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते ती त्यामुळे. बाळ पीत असो वा नसो, एवढं आपोआप होतं. पुढचा कारभार मात्र मागणीवर चालतो. बाळाने ओढलं की प्रोलॅक्टिन वाढतं, रात्री जास्तच वाढतं. दूध आतच साचून राहिलं तर दूध करणाऱ्या पेशींना थांबायचा इशारा मिळतो. हा इशारा दोन्ही बाजूंना वेगवेगळा मिळतो, म्हणून एकीकडे भरपूर आणि दुसरीकडे जेमतेम, असंही होऊ शकतं.

आता आकडे. एका बाळाला पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध येतं. १९८६ साली ऑस्ट्रेलियात जुळ्यांच्या आयांचं दूध मोजलं गेलं. दोघांनाही फक्त अंगावर पाजणाऱ्यांमध्ये कुणाला दिवसाला एक किलोच्या आत, तर कुणाला दोन किलोच्याही वर दूध येत होतं. तिळ्यांची एक आई होती, तिचं तीन किलोच्या वर गेलं. म्हणजे शरीराला दोघांचं दूध करता येतं, फक्त दोघांचा उपसा व्हायला हवा आणि तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुरू व्हायला हवा.

सगळ्या विहिरींना सारखं पाणी नसतं, हेही खरं. थायरॉइडचा त्रास, छातीवर आधी झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणातला फार रक्तस्राव (जुळ्यांत याचा धोका जास्त), वारेचा तुकडा आत राहणं, अशा कारणांनी दूध उशिरा किंवा कमी येतं. ज्यांना यातलं काही माहीत आहे त्यांनी सातव्या महिन्यातच डॉक्टरांच्या कानावर घालावं. पण नुसती जुळी आहेत म्हणून दूध कमी पडतं, असं नाही.

पान्हा का अडतो?

दूध तयार होणं वेगळं आणि ते बाहेर येणं वेगळं. बाहेर आणायचं काम ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक करतं. ते सुटलं की दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध पुढे येतं. आपल्याकडे याला शब्द आधीपासूनच आहे, पान्हा. गवळी धारेआधी वासरू लावतो ते पान्ह्यासाठी, आणि अनोळखी माणूस बादली घेऊन बसला की गाय पान्हा चोरते. बाईचं शरीर यात गायीहून फार वेगळं वागत नाही. दुखणं, भीती, संकोच, कुणाचं तरी सारखं बघणं, यांनी पान्हा अडतो. दूध आत असतं, पण उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भाची पंप लावून बसली होती आणि समोर आम्ही पाच जण बाटलीकडे टक लावून. "आलं का?" "अजून नाही?" थेंब पडेना. शेवटी सिस्टर आत आल्या, आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात पिटाळलं आणि धाकटीच्या अंगाखालचं दुपटं तिच्या हातात देत म्हणाल्या, "हे नाकाशी धरून बसा, बाटलीकडे बघू नका." दहा-पंधरा मिनिटांनी बाटलीच्या तळाला पिवळसर थर दिसला. तो माझ्या मते त्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोलाचा सल्ला होता, आणि फुकट.

जुळी बहुधा घाईत येतात

जुळ्यांच्या तयारीची खरी अडचण इथे आहे आणि बहुतेक याद्या नेमक्या इथेच गप्प असतात. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात. सिझेरियनचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. म्हणजे आपण कल्पनेत जे चित्र रंगवलेलं असतं, उशीला टेकून दोन बाळांना पदराखाली घेतलेली आई, ते पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. आई टाके सांभाळत एका मजल्यावर आणि एखादं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दुसऱ्या मजल्यावर, असंही होतं. भाचीची ३५ आठवड्यांवर झाली. थोरला २१०० ग्रॅम, तो तिच्याजवळ. धाकटी १८५० ग्रॅम, ती नऊ दिवस काचेच्या पेटीत.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास जमायला लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना दूध नळीने देतात, मग वाटी-चमच्याने, मग अंगावर. पण बाळ ओढत नाही म्हणजे उपसा थांबवायचा, असं होता कामा नये. शक्यतो पहिल्या तासात आणि फार तर सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढावं, त्यात एकदा तरी रात्री. बाळ जे काम करायचं ते तेवढे दिवस आईचे हात किंवा पंप करतो.

पहिले दोन-तीन दिवस जे येतं ते चिकाचं दूध, घट्ट आणि पिवळं. ते पंपाच्या नळीतच चिकटून संपतं, म्हणून सुरुवातीला हाताने काढलेलं बरं. सिस्टरांनी दाखवलेली रीत अशी. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. खाली स्टीलची उकळलेली वाटी. पहिल्यांदा अर्धा चमचा निघालं, तीन मिलिलिटर. सिस्टरांनी ते सुईशिवायच्या सिरिंजमध्ये ओढलं, वर नाव आणि वेळ लिहिली आणि एनआयसीयूत नेलं. भाचीचा चेहरा पडला, "एवढंसंच?" पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला लागतं ते २ ते १० मिलिलिटरच. धाकटीचं जेवण झालं होतं. सिझेरियननंतर दूध उतरायला जरा उशीर होतो, तसा तिलाही झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी छाती दगडासारखी झाली आणि मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रसूतीआधीच चीक काढून साठवा, असा सल्ला मोबाइलवर फिरतो. स्तनाग्रं चोळल्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात आणि जुळी तशीच घाईवर असतात. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय हे करू नये.

दोन गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात. एक, दवाखान्यात कांगारू पद्धतीला परवानगी आहे का? यात बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीवर उभं धरतात, वरून पांघरूण घालतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून ही सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनाच लवकर जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी तिची शिफारस करते. बाळाची ऊब टिकते आणि आईला पान्हाही लवकर फुटतो. दुसरी, आईचं दूध येईपर्यंत मातृदुग्धपेढीतलं मिळेल का? आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून दिलं जातं आणि त्यावर पहिला हक्क अशाच नाजूक बाळांचा असतो. शेजारणीने प्रेमाने काढून दिलेलं दूध मात्र त्यात मोडत नाही, कारण ते तपासलेलं नसतं.

आणि जे बाळ एनआयसीयूत जात नाही, त्याच्यावर जास्त डोळा ठेवा. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं दिसायला पूर्ण वाटतात, पण लवकर दमतात. आमचा थोरला चार वेळा चोखायचा आणि झोपी जायचा. रडणं नाही, किरकिर नाही. "किती गुणी आहे!" म्हणून आम्ही कौतुक केलं. गुणी वगैरे काही नव्हतं, त्याच्या अंगात मागायचीही ताकद नव्हती. पाचव्या दिवशी कावीळ वाढली आणि दीड दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. अशा बाळांना दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं असतं, दुपटं काढून, तळपाय चोळून. पिऊन दमलं तर उरलेलं काढून चमच्याने द्यायचं.

एकत्र पाजायचं की एकेकाला?

हिशोब करून बघा. नवजात बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. दहा धरू. दोघांचे मिळून वीस. एका वेळेला पंचवीस मिनिटं धरली तर पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. ही एक पूर्ण पाळी झाली, तीही आठवड्याची सुट्टी नसलेली. त्यात ढेकर काढणं, लंगोट बदलणं धरलेलंच नाही. म्हणून जुळ्यांच्या आया आज ना उद्या दोघांना एकत्र घ्यायला शिकतात.

पण पहिल्या दिवसापासून नको. आधी प्रत्येकाला नीट धरता येऊ दे. नीट धरणं, ज्याला दवाखान्यात लॅच म्हणतात, म्हणजे बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र नाही, त्याभोवतीचा काळसर भागही बराचसा गेलेला असणं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर उमललेला. पाजताना सतत टोचत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून बाळ सोडवावं आणि पुन्हा लावावं. दोघं एकदम असताना ही दुरुस्ती करायला आईला तिसरा हात लागतो.

एकेकाचं बसलं की मग जोडी. सगळ्यात सोयीची पद्धत म्हणजे दोन्ही बाळं काखोटीला. प्रवासात वळकटी काखोटीला मारतात ना, तसं बाळाचं अंग आईच्या बगलेखालून मागे, डोकं पुढे तळहातावर. टाक्यांवर भार येत नाही, म्हणून सिझेरियन झालेल्यांना हीच बरी. एक काखोटीला आणि एक मांडीवर आडवं, असंही जमतं. एकत्र पाजण्यात आणखी एक फायदा आहे. पान्हा दोन्ही बाजूंना एकदमच फुटतो, म्हणजे जोरकस ओढणाऱ्या भावाने फोडलेला पान्हा हळू पिणाऱ्या बहिणीलाही आयता मिळतो. आमच्याकडे असंच व्हायचं. थोरल्याने दोन मिनिटं ओढलं की धाकटीच्या गळ्यात घुटुक घुटुक सुरू.

कोणाला कोणती बाजू? दिवसभर एकाला एक बाजू आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल, हे लक्षात ठेवायला सगळ्यात सोपं. कायमची वाटणी करू नये. एक बाळ कमी ओढणारं असेल तर त्याच्या बाजूचे झरे बुजतात.

बाळंतविड्यात काय असावं?

बाळंतविडा म्हटलं की झबली, टोपडी, दुपटी. ती येतातच आणि दुप्पट येतात. पाजण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंमध्ये मी पहिला मान देईन तो बसायच्या जागेला. पाठ टेकेल अशी भिंत किंवा हातांची खुर्ची, पायांखाली पाट. नालेच्या आकाराची जुळ्यांची उशी मिळते. ती घट्ट भरलेली आणि सपाट असेल तर उपयोगी आहे, मऊ असेल तर बाळं मध्ये घरंगळतात. आम्ही ती मागवली, पण ती यायच्या आधी चार दिवस बैठकीतले दोन लोड आणि चौघडी घातलेली गोधडी यांवर काम भागलं. खरं सांगायचं तर लोडच बरे होते, उंची हवी तशी करता यायची. बाळांना त्यावर झोपवून उठून जायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना बजावावं.

दुसरी वस्तू पंप. एकाच बाळासाठी मी म्हटलं असतं, थांबा, लागला तर घ्या. जुळ्यांसाठी मत वेगळं आहे. लवकर जन्मायची शक्यता एवढी असताना दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप पहिल्या आठवड्यात हाताशी असलेला बरा. वेळ निम्मा होतो. लगेच विकत घ्यायचीही गरज नाही, दवाखान्यात वापरायला देतात का, भाड्याने मिळतो का, हे आधी विचारावं. पंपाचा जो भाग छातीला लागतो ती फनेल वेगवेगळ्या मापांत येते. दुखत असेल तर माप चुकलंय, सहन करत बसू नये.

बाटल्या आठ नकोतच. वाटी-चमचा किंवा बोंडलं पुरतं. आमच्या आईने चांदीचं बोंडलं माळ्यावरून काढलं. ते उकळता येतं, आत कोपरे-कपारी नाहीत आणि बाळ त्याला अंगावरच्या पिण्याचा पर्याय समजत नाही. बाटलीचं निप्पल धुणं कटकटीचं आणि नीट नाही धुतलं तर जुलाब ठरलेले. निर्जंतुक करायच्या यंत्राऐवजी झाकणाचं मोठं पातेलं, दहा मिनिटं खळखळ उकळी. दूध कोमट करायचं यंत्रही यादीतून गेलं. दुधाची वाटी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवली की झालं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको, एखादा घोट चटका देईल इतका तापतो.

काढलेल्या दुधासाठी झाकणाच्या छोट्या बरण्या, त्यावर तारीख आणि वेळ लिहायला चिकटपट्टी. हवा २५ अंशांच्या आत असेल तर ताजं दूध बाहेर चार तास टिकतं. आपल्याकडे मार्च उजाडला की तो हिशोब विसरायचा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं, आतल्या बाजूला, दारात नाही. तिथे चार दिवस राहतं. वीज वारंवार जात असेल तर तेही धरू नका. बाळाचं उष्टं राहिलेलं दोन तासांत संपवा किंवा टाका.

बाकी किरकोळ. समोरून उघडणारे चार गाऊन. जुन्या सुती साडीचे चौकोन, गळती टिपायला. दोन रंगांची दुपटी, एका बाळाला एक रंग, कारण रात्री अडीच वाजता कोणाला पाजलं हे आईलाही सांगता येत नाही. भेगांसाठीची महागडी क्रीम घेतली नाही. दोन थेंब स्वतःचंच दूध लावून वाळू द्यायचं आणि पकड सुधारायची. भेग पकडीने पडते, त्यामुळे पकड सुधारल्यावरच भरते. आणि हाताच्या अंतरावर पाण्याचा तांब्या आणि लाडवांचा डबा. दोन्ही मांड्यांवर बाळं असली की तीन फुटांवरचा तांब्याही परगावी असल्यासारखा वाटतो.

"पण वरचं द्यावंच लागलं तर?"

तर द्यायचं. भूक मारून तत्त्व पाळण्यात काही अर्थ नाही. आईचं काढलेलं दूध पहिलं, ते नसेल तर पेढीतलं, तेही नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली बाळांची पावडर. गायीचं, म्हशीचं किंवा पाणी घातलेलं दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून नको. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापातच घालायची. दोघांना पुरावी म्हणून पातळ केली तर दोघांचंही वजन थांबतं. पाणी उकळून घ्यायचं आणि ते गरम, निदान ७० अंश, असतानाच पावडर मिसळायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग निववून पाजायचं.

वरचं दिलं तेवढा उपसा कमी झाला, हे विहिरीचं गणित इथेही लागू आहे. म्हणून वरच्या प्रत्येक वेळेला पंप किंवा हाताने दूध काढत राहावं. जुळ्यांच्या कितीतरी आया थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं चालवतात आणि हळूहळू वरचं कमी करतात. काही जणींचं शेवटपर्यंत निम्मं-निम्मं राहतं. तेही चांगलंच आहे.

भाचीच्या यादीतले पावडरचे दोन डबे मात्र मी आधी घेऊ दिले नाहीत. घरात डबा असला की रात्री तीन वाजता हात तिकडेच जातो. लागलाच तर सकाळी दुकान उघडं असतं. हे माझं मत, डॉक्टरांचं नाही, आणि बाळं वेळेच्या फार आधी जन्मणार असतील तर ते लागू नाही. कायद्याचं मात्र माहीत असू द्या. १९९२ च्या कायद्याने बाळांच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कुणी "सॅम्पल" म्हणून डबा हातात ठेवलाच, तर ते नियमाला धरून नाही.

"पुरतंय हे कशावरून कळणार?"

छाती मऊ पडली, बाळ रडलं, पंपात कमी आलं, यांतल्या कशावरूनच कळत नाही. कळतं ते लंगोटांवरून. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकाचे दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट नीट भिजले पाहिजेत आणि शी काळ्याची पिवळी झालेली हवी. जन्मानंतर वजन आधी थोडं उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावं आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं. वजन नेहमी त्याच काट्यावर करावं, आणि जुळ्यांची एकमेकांशी तुलना करू नये. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी. सुस्त पडलेलं, उठवून न उठणारं, पिवळं होत चाललेलं किंवा दिवसभर कोरडं राहिलेलं बाळ मात्र त्याच दिवशी दाखवावं.

अळीव, डिंक आणि शतावरी

यांनी दूध वाढतं का, याचा पुरावा कच्चा आहे. पण अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू हे बाळंतिणीचं जेवण म्हणून चांगलंच आहे. लोह मिळतं, उष्मांक मिळतात, तोंडालाही चव येते. एका बाळाला पाजताना पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दोघांना त्याहून बरंच जास्त लागणार. तेव्हा बाळंतिणीच्या ताटातून भात, कडधान्यं, भाज्या बंद करणाऱ्या आज्यांना प्रेमाने आवरायला हवं. हजारभर रुपयांची "दूध वाढवणारी" पावडर मात्र यादीतून खोडली. बाळांना गुटी, मध, साखरपाणी, साधं पाणीही सहा महिने नको. मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून तो वर्षभर नकोच. ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि कमी वजनाच्या बाळांना लोह, हे डॉक्टर देतात, ते चुकवू नये.

हात किती आहेत?

मला दोन महिन्यांत जे दिसलं ते असं की आमच्या घरात दूध कमी पडलं नाही, माणसं कमी पडली. पाजायचं काम आईच करणार. पण बाळ उठवून आणून देणं, दुसरं लावताना उशी सरकवणं, ढेकर काढणं, लंगोट, पंपाचे भाग धुणं, हे सगळं दुसऱ्यांचं. आम्ही रात्र वाटून घेतली. नऊ ते दोन मी, दोन ते सहा जावई. त्या वेळात भाचीने डोळे मिटून फक्त पाजायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही. "आमच्या वेळी पुरुषमाणसं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती." आठव्या दिवशी त्यांनीच जावईबापूंना ढेकर काढायची रीत दाखवली.

ही माणसं आधीच ठरवावीत, नावानिशी आणि तारखांसकट. "लागलं तर सांग हं" म्हणणाऱ्यांना सातव्या महिन्यातच वार नेमून द्यावा, मंगळवारची भाजी-पोळी तुमची. आईला दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटत असेल, झोपायची संधी असूनही झोप येत नसेल, तर तो "बाळंतपणाचा थकवा" म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं. जुळ्यांच्या आयांना याचा धोका अधिक असतो. नोकरी करणाऱ्यांना २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा मोकळीक मिळते, दूध काढण्यासाठी तीच वापरता येते.

यादीत नसलेली एक वस्तू आम्हाला सगळ्यात जास्त लागली. दोनशे पानी वही, पलंगाच्या कडेला दोरीने बांधलेली. थो आणि धा असे दोन रकाने, वेळ, डावी-उजवी, लंगोट. पहिल्या पानांवर भाचीचं अक्षर कोरीव, मग जावयाचं, मग माझं, मग पहाटेचं कुणाचंच न वाचता येणारं. ४७ व्या दिवशी धा च्या रकान्यात "३.१० उजवी, स्वतः सोडली, झोपली" एवढीच नोंद आहे. त्यानंतर कुणी लिहिलं नाही. पुढच्या पानावर दूधवाल्याचा हिशोब सुरू होतो, रोजचा अर्धा लिटर जादा, आईसाठी.